पायाने चालणारा लाकडी लेथ: बांधणीचा क्रम आणि नेमके कुठे चुकते

पावडीने, म्हणजे पायाने दाबायच्या फळीने, फिरणारा आणि डोक्यावरच्या बांबूच्या ताणाने परत येणारा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत गोल कातायचे यंत्र, बांधायला घेतलेले बरेच जण एकाच जागी अडकतात. सांगाडा उभा राहतो, दोरी बांधून होते, पावडी दाबली की लाकूड फिरतेही. पण पटाशी टेकवली रे टेकवली की सगळे थरथरायला लागते आणि कापाऐवजी ओरखडे उठतात. मग आधी बांबू बदलतात, मग दोरी, शेवटी पटाशीला नावे ठेवतात. दोष बहुतेक वेळा खुंटांच्या, म्हणजे लाकूड दोन टोकांना धरणाऱ्या उभ्या ठोकळ्यांच्या, पाचरीत असतो, म्हणजे घाईघाईत उरकलेल्या कामात.

विजेच्या लेथवर हात बसलेल्यांची चूक थोडी वेगळी असते. दोन्ही टोके एका रेषेत आणण्यात ते सगळी शक्ती घालवतात. या लेथला फिरता शाफ्ट नाही, बेअरिंग नाही. लाकूड दोन स्थिर अणकुचीदार सेंटरमध्ये धरलेले असते आणि त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेभोवतीच फिरते. सेंटर सूतभर (इंचाचा आठवा भाग) खालीवर असले तरी लाकूड डुलत नाही. टेकण, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, त्या रेषेला समांतर लावले की भागते. खुंट मात्र केसभर जरी हलला, तरी प्रत्येक कापाची खोली बदलते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा खुंटांना दिली आहे, आणि बांधतानाही वेळेची वाटणी तशीच ठेवावी.

इथला लेथ उभ्याने चालवायचा आहे. जमिनीवर बसून धनुकलीने फिरवायच्या लेथची बांधणी वेगळी असते, त्याची मापे इथे लावू नयेत.

टप्पा १: मापे आणि लाकूड

पहिले माप तुमच्या शरीराचे. नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. लाकडाचा मध्य साधारण याच उंचीला यायला हवा. सेंटर बैठकीपासून, म्हणजे खुंट ज्यांवर उभे राहतात त्या दोन आडव्या पाट्यांपासून, ७ इंच वर असतील. म्हणजे कोपर ४२ इंचांवर असेल, तर बैठकीचा वरचा पृष्ठभाग ३५ इंचांवर येईल. दुसऱ्याच्या लेथची उंची उचलली की अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

लागणारे लाकूड:

- बैठकीसाठी २ × ४ इंची, साडेचार फूट लांबीच्या दोन पाट्या
- पायांसाठी ३ × ३ इंची चार नग
- खुंटांसाठी ४ × ४ इंची, प्रत्येकी २० इंचांचे दोन तुकडे
- पाचरी, टेकण आणि पावडीसाठी कडक लाकडाचे तुकडे

सांगाड्याला साग, बाभूळ, ऐन यांपैकी काहीही चालते. जुन्या घराच्या वाशांचे, दारांच्या चौकटींचे लाकूड मिळाले तर फारच उत्तम, कारण ते पुरते वाळलेले असते. खिळे मात्र एकूण एक काढून घ्या. बाभळीच्या पाचरी मला सर्वांत भरवशाच्या वाटतात.

इथे एक उलटापालट सर्रास होते. स्वस्त मिळाले म्हणून सांगाडा ओल्या लाकडाचा करतात आणि कातायला वखारीतले वाळलेले लाकूड घेतात. हवे याच्या बरोबर उलट. सांगाडा वाळलेला, कातायचे लाकूड ओले. इंग्लंडमध्ये चिल्टर्न टेकड्यांतल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर लेथच जंगलात मांडत, ते ताजे लाकूड हाताशी असावे म्हणूनच. पायाच्या जोरावर वाळलेला साग कातून पाहा, पाच मिनिटांत कारण कळेल.

टप्पा २: बैठक आणि पाय

दोन्ही पाट्यांच्या आतल्या बाजू रंधून सरळ करा. पाट्यांमध्ये २ इंचांची फट राहिली पाहिजे आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच हवी. दोन्ही टोकांना २ इंच जाडीचे, ६ इंच लांबीचे ठोकळे घालून प्रत्येकी दोन आरपार बोल्टांनी आवळा. अर्धा इंची बोल्ट आणि दोन्हीकडे वायसर. खिळ्यांवर भागवू नका, महिन्याभरात खिळखिळे होते.

पाय पाट्यांच्या बाहेरच्या बाजूंना बोल्टाने लावायचे. पायाची वरची आतली बाजू तिरकी कापली की पाय आपोआप १० ते १५ अंश बाहेर फाकतो. पुढच्या आणि मागच्या पायात जमिनीवर दोन फुटांच्या आसपास अंतर ठेवा. दोन्ही टोकांना पायांमध्ये आडवी पट्टी, आणि मागच्या दोन पायांना जोडणारी लांब पट्टी हवीच. पुढच्या बाजूला लांब पट्टी लावू नका, तिथे पावडी आणि तुमचा पाय फिरणार आहे.

तपासणी: पाणसळ लावून बैठक दोन्ही दिशांना बघा. मग एका टोकाला कंबरेने जोरात ढकला. सांगाडा जागचा सरकला तर चालेल, पण करकरला किंवा लचकला तर पुढे जाऊ नका, तिरकी पट्टी मारा. हलका वाटत असेल तर खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून वाळूचे पोते ठेवा. वजन वाढले की काप गुळगुळीत येतो.

टप्पा ३: खुंट आणि पाचरी

खुंट म्हणजे सेंटर धरणारे दोन उभे ठोकळे. प्रत्येकाचा वरचा ११ इंचांचा भाग अख्खा ४ × ४ ठेवायचा. खालच्या ९ इंचांत पुढून-मागून एकेक इंच काढून २ इंच जाडीचे कुसू करायचे. हे कुसू बैठकीच्या फटीतून खाली उतरते, खांदे पाट्यांवर टेकतात आणि खालून मारलेली पाचर खुंट आवळून धरते.

कुसू फटीत हाताने सरकले पाहिजे, ठोकावे लागता कामा नये. फटीपेक्षा अर्धा सूत कमी जाडी पुरते. खांदे मात्र काटेकोर हवेत. खुंट फटीत उतरवून खांद्याखाली कागद सरकवून पाहा. कुठेही आत गेला तर तेवढा उंचवटा पटाशीने काढा.

आता पाचरीचे भोक, जिथे सर्वांत जास्त लेथ बिघडतात. पाट्या ४ इंच खोल आहेत, म्हणून खांद्यापासून ४ इंचांवर कुसवावर रेघ मारा. ही रेघ म्हणजे पाट्यांची खालची कड. भोक या रेघेपासून सुरू करायचे नाही. रेघेच्या अर्धा इंच वरून सुरू करायचे. म्हणजे भोकाचा वरचा अर्धा इंच पाट्यांच्या आड जातो आणि पाचर भोकाच्या छताला न टेकता पाट्यांच्या खालच्या कडेला दाबते. भोक रेघेवरच सुरू केले तर पाचर कुसवातच अडकते. कितीही ठोका, पाचर घट्ट वाटते आणि खुंट मात्र हलतच राहतो. बाहेरून पाहून हा दोष ओळखू येत नाही, म्हणून लोक महिनोन्महिने चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात.

भोकाची रुंदी सव्वा इंच, उंची दोन इंच, पुढून मागे आरपार. भोकाखाली निदान ३ इंच अखंड लाकूड राहू द्या, नाहीतर पाचर ठोकताना खालचा तुकडा रेषेत फाटून निघतो. वरच्या मापांत ते साडेतीन इंच राहते.

पाचर १० इंच लांब. तिची वरची बाजू सपाट, खालची उतरती. १० इंचांत एक इंच उतार. भोकाच्या तळालाही तसाच उतार द्या. जास्त उताराची पाचर लवकर आवळल्यासारखी वाटते आणि काम सुरू झाले की तितक्याच लवकर निसटते.

तपासणी: दोन्ही खुंट बसवून पाचरी लाकडी हातोड्याने ठोका. खुंटाचे डोके दोन्ही हातांनी धरून पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवा. बैठकीसकट सगळा सांगाडा हलला पाहिजे. खुंट एकटा हलता कामा नये. हे जमल्याशिवाय सेंटरला हात लावू नका.

टप्पा ४: सेंटर

दोन्ही खुंट बैठकीतच तोंडाला तोंड लावून पाचरींनी आवळा. एका खुंटाच्या बाहेरच्या बाजूला, मध्यरेषेवर, बैठकीपासून ७ इंचांवर खूण करा आणि बारीक ड्रिलने किंवा गिरमिटाने दोन्ही खुंटांतून एकाच दमात भोक पाडा. खुंट वेगवेगळे मोजून भोके पाडली तर मोजमापातली चूक दुप्पट होते. या बारीक भोकाच्या मार्गाने नंतर प्रत्येक खुंटाचे भोक मोठे करा.

डावा सेंटर स्थिर. १२ मिमी गजाचा तुकडा ११.५ मिमीच्या भोकात ठोकून बसवा, लाकडाच्या बाजूला दीड इंच बाहेर राहू द्या, आणि टोक कानशीने साधारण ६० अंशांच्या शंकूसारखे घासा. लाकूड त्याला सतत बाहेर ढकलत असते, म्हणून खुंटाच्या पाठीला गजामागे लोखंडी पट्टी स्क्रूने मारा.

उजवा सेंटर आट्यांचा. १२ मिमीचा आटेवाला रॉड, एका टोकाला शंकू, दुसऱ्या टोकाला वाकवलेला किंवा वेल्ड केलेला हँडल. नट खुंटाच्या आतल्या तोंडात, म्हणजे कातायच्या लाकडाच्या बाजूला, खाच करून बसवा. जोर बाहेरच्या दिशेने येतो. आतल्या बाजूचा नट त्या जोराने लाकडात आणखी रुतून बसतो, बाहेरच्या बाजूचा सुटून येतो. बाहेर दुसरा नट घाला. सेंटर लावून झाला की तो खुंटाला टेकेपर्यंत आवळायचा, म्हणजे आट्यांतली ढिलाई जाते.

शंकू आरशासारखा गुळगुळीत हवा. कानशीच्या रेघा राहिल्या तर तो लाकडाचे भोक खरवडत मोठे करतो. बारीक पॉलिश पेपरने घासा.

टप्पा ५: टेकण

दोन्ही खुंटांच्या पुढच्या बाजूला एकेक लाकडी हात बसवा आणि त्यांवर २ × २ इंची कडक लाकडाची पट्टी टाका. ती पुढेमागे सरकवून आवळता आली पाहिजे, म्हणून हातांत लांबट खाचा आणि त्यांत बोल्ट. उंची सेंटरइतकी किंवा त्याहून दोन सूत वर. लाकूड आणि टेकण यांत दोन-तीन सुतांचेच अंतर. लाकूड बारीक होत जाते तसे टेकण पुढे घ्यायचे. कंटाळा येतो, पण अंतर वाढले की पटाशी तरफेसारखी उसळते. टेकणाची वरची कड गोलसर ठेवा आणि खाचा पडल्या की रंधा मारा.

टप्पा ६: पावडी

तीन-साडेतीन फुटांची, हलकी, ताठ फळी. मागचे टोक चामड्याच्या दोन पट्ट्यांनी एका आडव्या फळीला जोडा. ही फळी लेथच्या मागे जमिनीवर राहील. दोरी पावडीच्या पुढच्या टोकाजवळ बांधा. मध्यावर बांधली तर पाय जितका खाली जाईल त्याच्या निम्मीच दोरी सरकते. जड पावडी उचलण्यातच बांबूची ताकद खर्च होते, म्हणून जाड फळी टाळा.

टप्पा ७: बांबू

मानवेल किंवा तसाच भरीव बांबू, १२ ते १४ फूट. बुंधा लेथच्या मागे जमिनीलगत पक्का बांधा, बुंध्यापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर दुबेळक्याचा आधार द्या, आणि शेंडा बरोबर बैठकीच्या मध्यावर, जमिनीपासून साडेसहा ते सात फुटांवर येऊ द्या. आधार पुढे सरकवला की बांबू कडक होतो, मागे घेतला की नरम.

बांबू एकदम ताठ असला की लेथ जोरकस चालेल, हा गैरसमज सोडून द्या. बांबूचे काम पावडी आणि लाकूड परत आणण्याचे आहे, कापण्याचे नाही. त्याच्या ताठपणाशी झगडण्यात पाय दमतो आणि कापायला जोर उरत नाही. शेंडा एका हाताने फूटभर सहज खाली ओढता यावा आणि सोडताच पावडी चटकन वर यावी, एवढेच पुरे.

सावध: चिरलेला, कीड लागलेला किंवा उन्हात कडकडीत वाळलेला बांबू ताणाखाली फुटतो आणि त्याच्या कामट्या उडतात. रोज काम सुरू करण्यापूर्वी पेऱ्यांवरून हात नाही, नजर फिरवा.

जागा नसेल, गच्चीत किंवा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये लेथ मांडायचा असेल, तर बैठकीच्या दोन टोकांना सहा-साडेसहा फुटांचे दोन उभे खांब लावून त्यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणा आणि दोरी मध्यावर बांधा. बांबूइतके मोकळे चालत नाही, पण काम नीट होते.

टप्पा ८: दोरी

पाच-सहा मिमी जाडीची, विणलेली सुती किंवा पॉलिस्टर दोरी. नायलॉन ताणला जातो आणि गुळगुळीत लाकडावर घसरतो. काथ्या लाकूड घासतो आणि स्वतःही तुटतो. पिळाची दोरी फिरून फिरून उलगडते.

दोरी गुंडाळण्याची दिशा पाठ करून ठेवा. बांबूकडून येणारी दोरी लाकडाच्या तुमच्याकडच्या बाजूने खाली आणा, लाकडाखालून मागे, मागून वर, वरून पुन्हा तुमच्याकडे. असे दोन पूर्ण वेढे, आणि मग तुमच्याच बाजूने सरळ खाली पावडीला. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका.

तपासणी: पावडी हाताने हळू दाबा. लाकडाची वरची बाजू तुमच्याकडे यायला हवी आणि समोरची बाजू खाली जायला हवी. उलटे होत असेल तर दोरी मागच्या बाजूने गुंडाळली गेली आहे.

पावडी वर असताना तिचे टोक जमिनीपासून १२ ते १४ इंचांवर ठेवा. १२ इंच दोरी सरकली तर दोन इंच जाडीचे लाकूड जेमतेम दोन फेरे घेते, एक इंच जाडीचे पावणेचार. म्हणून बारीक काम करताना दोरी सगळ्यात बारीक भागावर घ्यावी आणि जाड लाकूड सोलताना जाड भागावर, कारण तिथे फेरे कमी पडले तरी जोर जास्त मिळतो.

टप्पा ९: कातायचे लाकूड

छाटणीत निघालेल्या फांद्या, ओंडक्यांचे तुकडे शोधा. उभे झाड तोडायचे असेल, तर स्वतःच्या शेतातले असले तरी महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत ते आहे का ते आधी पाहा. शहरात १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो. काळा कुडा कातायला फार सुरेख. सुरुवातीला आंबा, कडुनिंबही चालेल, फक्त गाठी नकोत.

पाच-सहा इंच जाडीचा ओंडका घ्या, त्याचे उभे चार फाळ करा. करवतीने नाही, कुऱ्हाड आणि पाचरीने, म्हणजे तुकडा लाकडाच्या रेषेतच फुटतो. मधला नरम गर प्रत्येक फाळीतून काढून टाका. तो राहिला की वाळताना तिथूनच चीर पडते. मग कुऱ्हाडीने कोपरे तासून आठ बाजू करा. इथे केलेले काम वाया जात नाही. तासण्याचा आळस केलात की तेच कोपरे पुढे लेथवर आपटत राहतात.

दोन्ही टोकांचा मध्य काढून खिळ्याने छोटे खड्डे पाडा, त्यांत मेण किंवा एरंडेल भरा आणि लाकूड सेंटरमध्ये धरा. दोरीचे वेढे याच वेळी घ्या. हँडल इतपत आवळा की लाकूड हलवले तर खडखडत नाही, पण बोटाने ढकलले तर फिरते.

टप्पा १०: पहिला काप

मोठी गोल पटाशी घ्या. धार अशी हवी की हातावरचे केस निघावेत. इथे वेग कमी असतो, त्यामुळे बोथट पटाशीला वेगाची मदत मिळत नाही.

पटाशी आधी टेकणावर ठेवा, मग तिची धारेमागची उतरती पाठ लाकडावर टेकवा, आणि मूठ हळूहळू वर उचला. पाठ टेकलेली असतानाच धार लाकडाला लागते आणि ढलपी सुटते. धार आधी टोचली की लाकूड फाटते. पाय खाली जाताना कापा. पाय वर येताना पटाशी केसभर मागे घ्या, टेकणावरून उचलू नका. पावडी सावकाश आणि पूर्ण खाली न्या. छोटे, घाईचे झटके मारणे ही नवख्यांची खूण.

उजवा भाग गोल झाला की दोरी त्या गोल भागावर सरकवा आणि डावा भाग घ्या. आकार देताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरत जा. चढत गेलात तर लाकडाचे धागे उपटतात. पहिल्या काही मिनिटांनंतर सेंटरची भोके दबतात, तेव्हा हँडल पाव फेरा आवळून पुन्हा मेण लावा. पाय अधूनमधून बदला.

सावध: ओढणी, सैल बाही, लोंबती सुतळी दूर ठेवा. लहान मुले जवळ असतील तर पावडीखाली हात जाणार नाही याकडे कुणीतरी लक्ष ठेवा.

चालेना, तर याच क्रमाने तपासा

थरथर होत असेल तर आधी खुंट हलवून पाहा, मग हँडल, मग टेकणाचे अंतर, मग धार, आणि सगळ्यात शेवटी सांगाडा. दोरी घसरत असेल तर लाकडावरच्या ओल्या सालीचा चिकटा पुसा, तरीही घसरली तर आणखी एक वेढा द्या. लाकूड जड फिरत असेल तर हँडल जास्त आवळला गेला आहे किंवा मेण संपले आहे. चर्र आवाज येऊन जळका वास आला तर लगेच थांबा, शंकू खडबडीत आहे. दोरी एका बाजूला चालत जात असेल तर बांबूचा शेंडा आणि पावडीचे टोक एका उभ्या रेषेत नाही. ओळंबा सोडून बघा.

ओले कातलेले लाकूड वाळताना लांबट गोल होते, त्याला इलाज नाही. दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसवायचा भाग म्हणूनच आधी थोडा जाड ठेवायचा आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर घेऊन नेमका करायचा. दोन्ही टोकांवरच्या सेंटरच्या खुणा तोवर कापून टाकू नका, नाहीतर तो तुकडा पुन्हा त्याच मध्यावर धरता येत नाही. नुकते कातलेले नग उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता ढलप्यांच्या ढिगात, सावलीत ठेवा. पावसाळ्यात सांगाडा फुगतो आणि नंतर आकसतो, तेव्हा दिवाळीच्या सुमारास सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि पाचरी काढून, कोरड्या करून परत ठोका.